पी-चॅनेल मॉस्फेट बंद का होत नाही, तापतो का, आणि १२ व्होल्टचा पुरवठा नीट कसा सांभाळायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. १२ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी आहे. तिच्यावर राउटर, कॅमेरे आणि एलईडी पट्ट्या मिळून ३ अँपिअरचा लोड आहे. तो ईएसपी३२ (वायफाय असलेला मायक्रोकंट्रोलर बोर्ड) ने चालू-बंद करायचा म्हणून आयआरएफ९५४०एन हा पी-चॅनेल मॉस्फेट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच, लावला आणि त्याचा गेट सरळ ईएसपीच्या पिनला जोडला. लोड बंद होत नाही, मॉस्फेटला बोट लावता येत नाही, आणि बॅटरीच्या वायरी एकदा उलट लागल्या तेव्हा पुढचे सगळे जळाले. स्विचिंग आणि संरक्षण दोन्ही एकाच सर्किटमध्ये कसे बसवायचे?

आधी बंद न होण्याचे कारण. मॉस्फेटला तीन पाय असतात: करंट सोर्स आणि ड्रेन यांच्यामधून वाहतो आणि गेट तो चालू-बंद करतो. मॉस्फेट गेटचा व्होल्टेज ग्राउंडपासून मोजत नाही, सोर्सपासून मोजतो. पी-चॅनेल असा लावला की सोर्स १२ व्होल्टवर असतो. पिन ० व्होल्टवर असताना गेट सोर्सच्या १२ व्होल्ट खाली असतो आणि मॉस्फेट चालू होतो, इथपर्यंत ठीक. पण पिन ३.३ व्होल्टवर गेली तरी गेट सोर्सच्या ८.७ व्होल्ट खालीच राहतो. या मॉस्फेटचा थ्रेशोल्ड, म्हणजे चालू व्हायला लागण्याचा व्होल्टेज, २ ते ४ व्होल्टच्या दरम्यान आहे, म्हणजे ८.७ ला तो चालूच असणार. बंद करायचा तर गेट जवळजवळ १२ व्होल्टपर्यंत वर न्यावा लागतो आणि ते ईएसपीच्या पिनच्या आवाक्याबाहेरचे आहे. इथे बरेच जण गेटला १२ व्होल्टवर १० के (किलोओहम) चा पुल-अप, म्हणजे वर ओढणारा रेझिस्टर, लावतात आणि पिन तशीच ठेवतात. मग पुल-अपमधून येणारा करंट पिनच्या आतल्या प्रोटेक्शन डायोडमधून ३.३ व्होल्टच्या रेलमध्ये शिरतो. लोड तरीही बंद होत नाही, वर ईएसपी विचित्र वागायला लागतो.

तापण्याचे कारण वेगळे आहे. आयआरएफ९५४०एन पूर्ण चालू असताना त्याचा रोध ०.११७ ओहम. ३ अँपिअरचा वर्ग ९, गुणिले ०.११७, म्हणजे १.०५ वॅट. टीओ-२२० पॅकेजला हीटसिंक नसेल तर दर वॅटला आतले तापमान सुमारे ६२ अंश चढते. डब्यात ४५ अंश असतील तर हिशेब ११० अंशांवर जातो. शिवाय तापल्यावर मॉस्फेटचा रोध साधारण दीडपट होतो, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा याहून वर बसतो. विदर्भात मे महिन्यात गच्चीवरच्या पत्र्याच्या डब्यात हा मॉस्फेट फार दिवस काढणार नाही. हाच लोड आयआरएफ४९०५ वर घेतला तर रोध ०.०२ ओहम, उष्णता ०.१८ वॅट आणि वाढ जेमतेम ११ अंश. पिनांची रचना तीच आहे: छापील बाजू समोर, पाय खाली, डावीकडून गेट, ड्रेन, सोर्स. मॉस्फेटच्या पाठचा पत्रा ड्रेनला जोडलेला असतो. ९५४० ची १०० व्होल्टची क्षमता १२ व्होल्टच्या कामाला लागतच नाही, आणि व्होल्टेजची क्षमता वाढली की रोधही वाढतो. इथे ५५ व्होल्टचा ४९०५ च योग्य.

ग्राउंडच्या बाजूला एन-चॅनेल लावणे सोपे पडते, हे खरे. एलईडी पट्टीपुरते तसे करा, काही बिघडत नाही. पण कॅमेरा आणि राउटर यांच्यामध्ये शील्ड असलेली इथरनेट केबल असेल किंवा ईएसपीशी यूएसबी जोडलेली असेल, तर ग्राउंड तोडल्यावर करंट त्या केबलच्या शील्डमधून वाट काढतो. उपकरण अर्धवट चालू राहते आणि पोर्ट जातात. म्हणून या लोडला पॉझिटिव्ह बाजूनेच तोडायचे.

आता पूर्ण जोडणी. बॅटरीच्या पॉझिटिव्हला लागूनच ५ अँपिअरचा ब्लेड फ्यूज. त्यानंतर पहिला आयआरएफ४९०५, त्याचा ड्रेन बॅटरीकडे, सोर्स पुढे आणि गेट १० के मधून ग्राउंडला. मग करंट मोजायला ०.१५ ओहम, ५ वॅटचा सिमेंट रेझिस्टर. मग दुसरा आयआरएफ४९०५, त्याचा सोर्स रेझिस्टरकडे आणि ड्रेन लोडकडे. पहिला उलट जोडणीपासून वाचवतो, दुसरा स्विच करतो. दोघे एकमेकांच्या उलट दिशेने बसतात, हे सोल्डर करण्याआधी कागदावर काढून बघा. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

पहिल्या मॉस्फेटचा ड्रेन बॅटरीकडे का? पी-चॅनेलच्या आत ड्रेनकडून सोर्सकडे जाणारा एक डायोड जन्मजात असतो. बॅटरी सुलट लावली की आधी तो डायोड करंट सोडतो, सोर्स ११ व्होल्टच्या पुढे जातो. गेट १० के मधून ग्राउंडला असल्याने चॅनेल उघडतो आणि मग डायोडवरचा ०.७ व्होल्टचा घसारा ६० मिलीव्होल्टवर येतो. बॅटरी उलटी लावली तर गेट आणि सोर्स जवळपास एकाच पातळीवर राहतात, चॅनेल बंद आणि डायोडही उलटा, करंटला वाट नाही. सवयीने सोर्स बॅटरीकडे लावला तर सुलट बॅटरीवर सगळे व्यवस्थित चालते, चाचणीत चूक सापडत नाही, आणि उलट बॅटरीला तोच डायोड सगळा करंट सोडून देतो.

याच जागी १एन५८२२ सारखा शॉट्की डायोड लावला तर ३ अँपिअरला सुमारे अर्धा व्होल्ट आणि दीड वॅट जातो. एका तारेच्या पायावर दीड वॅट म्हणजे डायोड चांगलाच तापतो. मात्र एक गोष्ट डायोड करतो आणि मॉस्फेट करत नाही: पुढच्या कपॅसिटरमधून बॅटरीकडे परत येणारा करंट अडवणे. चॅनेल उघडला की तो दोन्ही दिशांना वाहतो. पुढे दुसरा पुरवठाही जोडणार असाल, समजा एक ॲडॉप्टर, तर पहिल्या मॉस्फेटच्या भरवशावर राहू नका. तिथे डायोड किंवा आयडियल डायोड कंट्रोलर (मॉस्फेटला डायोडसारखे एकाच दिशेने चालवणारी चिप) च हवा.

दोन्ही मॉस्फेटच्या गेट आणि सोर्समध्ये १२ व्होल्टचा झेनर, म्हणजे ठरावीक व्होल्टेजच्या पुढे जाऊ न देणारा डायोड, लावा, कॅथोड सोर्सकडे. आयआरएफ४९०५ चा गेट २० व्होल्टपर्यंत सोसतो आणि चार्जिंगला असलेली बॅटरी १४.४ व्होल्ट देते, मग झेनर कशाला असे वाटेल. वायरीतून येणारे झटके २० ओलांडतात, हे एक कारण. दुसऱ्या मॉस्फेटला आणखी एक कारण आहे, ते पुढे येते. आणि कोणी जागा वाचवायला छोटा एओ३४०१ लावायचा म्हणत असेल तर त्याच्या गेटची मर्यादा फक्त १२ व्होल्ट आहे. चार्जर चालू असताना तो पहिल्याच दिवशी मर्यादेबाहेर काम करतो. कदाचित महिनाभर टिकेल, मग कारण न सांगता शॉर्ट होईल.

झटक्यांसाठी पहिल्या मॉस्फेटच्या सोर्सपासून ग्राउंडपर्यंत एसएमबीजे१८ए हा टीव्हीएस, म्हणजे व्होल्टेजचे झटके गिळणारा डायोड, लावा. १८ व्होल्टपर्यंत तो गप्प असतो, २० च्या पुढे करंट ओढायला लागतो आणि पूर्ण झटक्याला २९ व्होल्टच्या आसपास धरून ठेवतो. तो पहिल्या मॉस्फेटच्या आधी लावला तर बॅटरी उलट लागल्यावर साध्या डायोडसारखा चालेल आणि दर वेळी फ्यूज उडवेल. नंतर लावला तर मॉस्फेट त्यालाही वाचवतो. गाडीच्या डायनॅमोवर चालणाऱ्या पुरवठ्याला मात्र हा टीव्हीएस पुरत नाही. तिथे बॅटरीची वायर सुटली तर झटका शेकडो मिलीसेकंद टिकू शकतो आणि त्यात ऊर्जा फार असते.

आता स्विच. दुसऱ्या मॉस्फेटच्या गेटपासून सोर्सपर्यंत ४७० के. गेटपासून १०० के मधून बीसी५४७ या एनपीएन ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरला, एमिटर ग्राउंडला. ईएसपीच्या पिनपासून ४.७ के मधून बेसला आणि बेसपासून एमिटरपर्यंत आणखी एक ४.७ के. बीसी५४७ चे पाय सपाट बाजू समोर धरल्यावर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. दुकानात त्याऐवजी २एन३९०४ मिळाला तर चालेल, पण त्याचे पाय नेमके उलट: एमिटर, बेस, कलेक्टर.

पिन वर गेली की बीसी५४७ चालू होतो, गेट खाली ओढला जातो, लोड चालू. पिन खाली गेली की ४७० के गेटला सोर्सपर्यंत वर नेतो, लोड बंद. १२ व्होल्टला चालू स्थितीत गेट आणि सोर्समधला फरक १२ गुणिले ४७० भागिले ५७०, म्हणजे ९.९ व्होल्ट. ४९०५ चा ०.०२ ओहम हा आकडा १० व्होल्टच्या गेटला दिलेला असतो, त्यामुळे हे जमते. दोन्ही रेझिस्टर १०० के घेतले असते तर गेटला ६ व्होल्टच मिळाले असते आणि मॉस्फेट पुन्हा तापला असता.

बेस आणि एमिटरमधला तो रेझिस्टर काहीजण वायफळ समजून काढून टाकतात. ईएसपी३२ रीसेटमध्ये असताना पिन हवेत तरंगते, काही पिनांना आतला सुमारे ४५ के चा पुल-अप लागतो. तेवढ्या करंटवरही बीसी५४७ चालू होतो आणि रीस्टार्टच्या क्षणी लोड लुकलुकतो. ४.७ के असला की बेसवर ०.३ व्होल्टही येत नाही. पिन निवडताना बूटच्या वेळी वापरल्या जाणाऱ्या ०, २, ५, १२, १५ आणि बूटला पल्स सोडणारी १४ टाळा. २५, २६, २७, ३२, ३३ यांपैकी कोणतीही घ्या.

१०० के इतका मोठा का, हा प्रश्न येईल. कारण पुढच्या उपकरणांच्या तोंडाशी मिळून १००० मायक्रोफॅरड तरी असतात. मॉस्फेट १० मायक्रोसेकंदात उघडला तर या कपॅसिटरला हिशेबाने १२०० अँपिअर लागतील. वायर आणि बॅटरीचा रोध तेवढा जाऊ देत नाही, पण शेकडो अँपिअरचा क्षणिक काटा येतोच. त्यात कनेक्टर काळे पडतात, ईएसपीचा व्होल्टेज कोसळून तो रीसेट होतो, आणि रीसेट झाला की पुन्हा लोड चालू करतो. हे चक्र बघून लोक कोड तपासत बसतात.

उपाय एका कपॅसिटरचा आहे, तो लोड हळू चालू करतो (याला सॉफ्ट-स्टार्ट म्हणतात). दुसऱ्या मॉस्फेटच्या गेट आणि ड्रेनमध्ये १०० नॅनोफॅरड, ५० व्होल्टचा. मॉस्फेट उघडायला लागला की गेट सोर्सच्या सुमारे ४ व्होल्ट खाली, म्हणजे ग्राउंडपासून ८ व्होल्टवर अडून राहतो. तेव्हा १०० के मधून ८० मायक्रोअँपिअर जातो, त्यातला साडेआठ ४७० के पुरवतो. उरलेले ७१ मायक्रोअँपिअर १०० नॅनोफॅरडमधून जातात आणि ड्रेनला दर मिलीसेकंदाला ०.७१ व्होल्ट याच वेगाने चढू देतात. १२ व्होल्टला १७ मिलीसेकंद लागतात आणि १००० मायक्रोफॅरडला लागणारा करंट ०.७१ अँपिअरवर बांधला जातो. तेवढ्या वेळात मॉस्फेटमध्ये ०.०७ ज्यूल उष्णता जाते, टीओ-२२० ला ती कळतही नाही.

याची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. या स्विचवर पीडब्ल्यूएम (भराभर चालू-बंद करून प्रकाश कमी-जास्त करणे) चालणार नाही, एलईडी मंद करायची असेल तर तिला वेगळा मॉस्फेट द्या. आणि बंद होणे आणखी सावकाश होते: ४७० के मधून साडेआठ मायक्रोअँपिअरच मिळतात, त्यामुळे ड्रेन खाली यायला १४० मिलीसेकंद लागतात. ३ अँपिअरच्या लोडला त्या काळात मॉस्फेटवर क्षणभर ९ वॅट येतात. टीओ-२२० ते सहज झेलतो, एसओटी-२३ चा छोटा मॉस्फेट नाही.

आता शॉर्ट सर्किट. बीसी५५७ घ्या, हा पीएनपी ट्रान्झिस्टर. एमिटर ०.१५ ओहमच्या बॅटरीकडच्या टोकाला, बेस २२० ओहममधून दुसऱ्या टोकाला, कलेक्टर १०० ओहममधून दुसऱ्या मॉस्फेटच्या गेटला. रेझिस्टरवर ०.६५ व्होल्ट आले की बीसी५५७ चालू होतो आणि गेटला वर ओढून मॉस्फेट आवळतो. ०.६५ भागिले ०.१५ म्हणजे ४.३ अँपिअर, ही मर्यादा. तापमान वाढले की ट्रान्झिस्टरचा हा व्होल्टेज दर अंशाला सुमारे २ मिलीव्होल्ट घटतो. डब्यात ६० अंश झाले तर मर्यादा ३.९ वर येते. ३ अँपिअरच्या लोडला ३.२ ची मर्यादा ठेवणाऱ्याचे सर्किट म्हणूनच हिवाळ्यात चालते आणि उन्हाळ्यात दुपारी बंद पडते. सिमेंट रेझिस्टर नेहमीच्या चालण्यातही १.३५ वॅट खातो, बीसी५५७ ला त्याच्यापासून दूर बसवा.

बेसमधले २२० ओहम विसरू नका. शॉर्ट होताच पहिल्या काही मायक्रोसेकंदांत करंट ४० अँपिअरवर जाऊ शकतो. तेव्हा रेझिस्टरवर ६ व्होल्ट येतात आणि ते सरळ बेसवर पडले तर बीसी५५७ तिथेच संपतो. त्याच क्षणी दुसरी गोष्ट घडते: लोडकडचा ड्रेन १२ वरून ० वर कोसळतो आणि १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर गेटलाही आपल्याबरोबर खाली ओढतो. चालू स्थितीत गेट आधीच सोर्सच्या १० व्होल्ट खाली आहे. त्यात आणखी १२ ची भर पडली की २० ची मर्यादा मोडते. वर म्हटलेले दुसरे कारण हे, आणि सॉफ्ट-स्टार्टच्या बहुतेक सर्किटमध्ये हा झेनर राहून गेलेला असतो. झेनर असला की गेट १२ वर अडतो आणि बीसी५५७ त्याला काही दहा मायक्रोसेकंदांत परत आणतो.

करंट ४.३ वर थांबला म्हणजे काम संपले असे नाही. शॉर्ट असताना जवळजवळ सगळा व्होल्टेज मॉस्फेटवर पडतो: सुमारे ११.३ व्होल्ट गुणिले ४.३, म्हणजे ४९ वॅट. हीटसिंकशिवाय तो काही सेकंदांत जातो. ट्रान्झिस्टर पूर्ण चालू किंवा पूर्ण बंद असतानाच निवांत असतो. मधल्या स्थितीत तो किती वेळ राहतो त्यावर त्याचे आयुष्य ठरते. म्हणून हा वेळ मोजायचे काम ईएसपीला द्या. लोडचा व्होल्टेज ४७ के आणि १० के च्या विभाजकातून ॲनालॉग पिनला न्या. १४.४ व्होल्टला तिथे २.५ व्होल्ट येतात, पिन सुरक्षित राहते. वायफाय चालू असणार असेल तर ही पिन ३२ किंवा ३३ घ्या, कारण २५, २६, २७ यांचा एडीसी (व्होल्टेज मोजणारा भाग) वायफायबरोबर वापरता येत नाही. लोड चालू केल्यावर ५० मिलीसेकंदांनी व्होल्टेज बॅटरीच्या निम्म्याहून कमी दिसला तर बंद करा, ५ सेकंद थांबा, पुन्हा प्रयत्न करा. लोड चालू असतानाही व्होल्टेज बघत राहा आणि घसरला की हाच नियम लावा. ५० मिलीसेकंदांत अडीच ज्यूल जातात आणि ५ सेकंदांवर सरासरी अर्धा वॅट पडतो, तेवढे हीटसिंकशिवाय निभते. दर सेकंदाला प्रयत्न केला तर सरासरी अडीच वॅटच्या घरात जाते आणि मॉस्फेट जातो.

राउटर आणि कॅमेऱ्यांच्या आत बक कन्व्हर्टर (व्होल्टेज कमी करून देणारे सर्किट) असतात, त्यांची एक खोड इथे नडते. कन्व्हर्टरला ठरावीक वॅट हवे असतात. १२ व्होल्टला ३ अँपिअर घेणारा कन्व्हर्टर ६ व्होल्टला ६ अँपिअर मागतो. सॉफ्ट-स्टार्टमध्ये व्होल्टेज हळू चढताना तो ६ व्होल्टलाच जागा झाला तर ४.३ ची मर्यादा लागते, व्होल्टेज पुढे चढत नाही आणि सर्किटला ते शॉर्ट वाटते. लोड एकटा-एकटा लावला की चालतो, सगळे एकत्र लावले की चालत नाही, हे त्याचे लक्षण. कन्व्हर्टर तुमचा स्वतःचा असेल तर त्याची एनेबल पिन १० व्होल्टच्या वर उघडेल अशी करा. तयार उपकरणे असतील तर दोन स्विच करून त्यांना अर्ध्या सेकंदाच्या अंतराने चालू करा. मोटर असेल तर ही मर्यादा लावूच नका. सुरू होताना ती चालू करंटच्या कितीतरी पट घेते. तिला फ्यूज आणि उलटा डायोड पुरतो: डायोडचा कॅथोड मॉस्फेटच्या ड्रेनला, ॲनोड ग्राउंडला.

३ अँपिअरला मोजमाप असे यायला हवे: पहिल्या मॉस्फेटवर ६० मिलीव्होल्ट, रेझिस्टरवर ०.४५ व्होल्ट, दुसऱ्यावर ६०. म्हणजे शॉट्की टाळून वाचवलेला अर्धा व्होल्ट आपण मोजणीच्या रेझिस्टरवर घालवतो. बॅटरी लहान असेल आणि हे परवडत नसेल तर ०.०१ ओहम आणि आयएनए१८० सारखा करंट-सेन्स ॲम्प्लिफायर घ्या. साध्या, दुरुस्त करता येण्याजोग्या सर्किटसाठी मला बीसी५५७ च पसंत आहे. तो कुठेही मिळतो.

पहिली चाचणी थेट बॅटरीवर घेऊ नका. बॅटरी आणि फ्यूज यांच्यामध्ये गाडीचा १२ व्होल्ट २१ वॅटचा दिवा मालिकेत लावा. जोडणीत चूक असेल तर दिवा पेटेल, बाकी काही जळणार नाही. लोड म्हणून १०० ओहम ५ वॅटचा रेझिस्टर पुरे. गेटचा व्होल्टेज मीटरची काळी प्रोब सोर्सला लावून मोजा, ग्राउंडला नाही. बंद असताना ०, चालू असताना उणे ९.९ च्या आसपास. बंद असताना उणे १ किंवा २ दिसले तर बीसी५४७ पूर्ण बंद होत नाही किंवा बोर्डावर फ्लक्स राहिला आहे. ४७० के च्या नोडला ओलसर फ्लक्ससुद्धा पुरतो, म्हणून कोकणात किंवा पावसाळ्यात वापरायचा बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन लॅकर मारा. मग दिवा तसाच ठेवून बॅटरी उलटी जोडा: दिवा पेटता कामा नये आणि पुढे काहीही व्होल्टेज येता कामा नये.

शेवटी दिवा काढून ५ अँपिअरच्या फ्यूजसह खरा शॉर्ट करून बघा, आउटपुटला जाड वायर लावून. फ्यूज शाबूत राहून दर ५ सेकंदांनी एक प्रयत्न दिसायला हवा. फ्यूज उडाला तर बीसी५५७ चे पाय उलट लागले आहेत किंवा मॉस्फेट आधीच शॉर्ट आहे. मॉस्फेट बिघडतो तेव्हा बहुधा शॉर्ट होऊनच बिघडतो, त्यामुळे इलेक्ट्रॉनिक मर्यादा आहे म्हणून फ्यूज कधीही काढायचा नसतो. लेड-ॲसिड बॅटरी शॉर्टमध्ये शेकडो अँपिअर देते.

लॅमिंग्टन रोडवरून किंवा बुधवार पेठेतून सुटे मॉस्फेट आणले असतील तर लावण्याआधी एक तपासणी करा, कारण नाव पुसून दुसरे छापलेले भाग बाजारात फिरतात. सोर्सला १० व्होल्टचा पॉझिटिव्ह, गेट ग्राउंडला, ड्रेनपासून ग्राउंडपर्यंत १० ओहम १० वॅटचा रेझिस्टर. म्हणजे १ अँपिअर वाहील. आता सोर्स आणि ड्रेन यांच्यावर मीटर लावा, प्रोब अगदी पायांच्या मुळाशी. खरा आयआरएफ४९०५ असेल तर २० मिलीव्होल्ट किंवा त्याहून कमी दिसतील. १०० च्या पुढे दिसले तर त्यावर काहीही छापलेले असो, आत दुसरीच चिप आहे.